जठराच्या आवरणात राहणारा जंतू

उच्च प्राथमिक वर्गांत पचनसंस्थेचा पाठ शिकविताना जठरातील आम्लाचा उल्लेख हटकून येतो. अन्नपाण्याबरोबर पोटात गेलेले जंतू ह्या आम्लाने मरतात, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. आणि ते बहुतांशी खरेही आहे. परंतु एखादा चौकस विद्यार्थी दोन प्रश्न विचारल्यावाचून राहत नाही. हे आम्ल इतके तीव्र आहे, तर ते खुद्द जठरालाच का जाळीत नाही? आणि सर्वच जंतू तेथे मरतात काय?

ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. ते ठिकाण म्हणजे जठराच्या आतील बाजूस असलेले बुळबुळीत आवरण. हे आवरण जठराचे रक्षण करते. आणि त्याच आवरणाच्या आश्रयाने हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा एक जंतू माणसाच्या पोटात वर्षानुवर्षे राहतो. पोटातील व्रण, म्हणजे ज्याला आपण अल्सर म्हणतो, त्याचे हा जंतू एक प्रमुख कारण होय. तिखट खाल्ल्याने किंवा चिंता केल्यानेच अल्सर होतो, अशी समजूत आजही खेडोपाडी आढळते. त्या समजुतीपायी माणसे दुखणे अंगावर काढतात. म्हणून हा विषय शिक्षकांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

१. आवरणाची रचना

पदार्थाची आम्लता ज्या मापाने मोजतात, त्या मापात शुद्ध पाण्याचा अंक ७ असतो. अंक जसजसा कमी, तसतशी आम्लता अधिक. लिंबाच्या रसाचा अंक सुमारे २ असतो. जेवणापूर्वी जठराच्या पोकळीतील रसाचा अंक १ ते २ असतो. म्हणजे हा रस लिंबाच्या रसाच्या तोडीचा, किंबहुना त्याहूनही आंबट असतो.

अशा रसाने मांस विरघळावे, पण जठराची भिंत शाबूत राहते. ह्याचे कारण असे, की भिंतीच्या पृष्ठभागावरील पेशी सतत श्लेष्म, म्हणजे चिकट बुळबुळीत द्रव, स्रवत असतात. ह्या श्लेष्मात बहुतांश पाणीच असते. परंतु म्यूसिन नावाच्या लांबलचक रेणूंच्या जाळ्यामुळे त्या पाण्याला घट्टपणा येतो. थराची जाडी मिलिमीटरच्या काही दशांश भागांइतकीच असते. ह्याच पेशी श्लेष्माबरोबर बायकार्बोनेटही सोडतात. खाण्याच्या सोड्यात आम्ल मारणारा जो घटक असतो, तोच हा होय. पोकळीतून आम्ल थरात शिरू लागले, की वाटेतच त्याची तीव्रता मारली जाते. परिणामी थराच्या वरच्या अंगाला जळजळीत आम्ल, तर खालच्या अंगाला, पेशींना लागून, जवळजवळ पाण्याइतकी सौम्य स्थिती असते. अवघ्या अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरात हा एवढा फरक पडतो.

हा थर स्थिर नसतो. वरचा भाग झिजून पाचक रसात मिसळत राहतो व खालून नवा श्लेष्म येत राहतो. विहिरीच्या झऱ्याप्रमाणे हे काम अहोरात्र चालू असते.

२. जंतू व त्याची साधने

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सुमारे ३ मायक्रोमीटर लांब असतो. असे तीनशेहून अधिक जंतू एकापुढे एक ठेवावे, तेव्हा कोठे एक मिलिमीटर भरेल. त्याचा आकार मळसूत्रासारखा पिळदार असून एका टोकाला चार ते सहा बारीक शेपट्या असतात. त्या गरगर फिरवून तो पोहतो. त्याच्या नावातील पहिला शब्द ह्या पिळदार आकारावरून आला, तर दुसरा जठराच्या खालच्या दारावरून.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. हा जंतू आम्लात सुखाने नांदत नाही. जठराच्या उघड्या रसात तो फार वेळ टिकू शकत नाही. त्याचे खरे निवासस्थान आवरणाच्या तळाशी, जेथे आम्ल पोहोचत नाही, तेथे आहे. तोंडावाटे पोटात आल्यापासून त्या तळाशी पोहोचेपर्यंतचा काळच काय तो त्याला निभावून न्यावयाचा असतो. त्यासाठी त्याच्यापाशी जी युक्ती आहे, ती आपल्या धानपिकाच्या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलाला चटकन समजण्यासारखी आहे.

३. युरिया, अमोनिया आणि चिखलणी

धानाच्या बांधीत शेतकरी युरिया टाकतो. जमिनीतील सूक्ष्म जीवांजवळ युरिएज नावाचे एक विकर असते. त्या विकराच्या योगाने युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. उघड्यावर पडलेल्या युरियाला ओल लागली म्हणजे काही वेळाने जो उग्र दर्प येतो, तो ह्याच अमोनियाचा.

माणसाच्या शरीरातही युरिया असतो. प्रथिनांच्या वापरानंतर उरणारा तो टाकाऊ पदार्थ रक्तातून मूत्रात जातो. त्याचा काही अंश जठरातही झिरपतो. हेलिकोबॅक्टर जंतूजवळ युरिएजचा मोठा साठा असतो. त्याच्या एकंदर प्रथिनांपैकी ५ ते १० टक्के भाग ह्या एकाच विकराचा असतो. जठरात येताच तो तेथील युरिया आत घेतो व त्यापासून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड निर्माण करतो. अमोनिया आम्लाला मारतो, आणि जंतूच्या भोवती सौम्य द्रवाचे एक लहानसे कवच तयार होते.

पण अमोनियाही प्रमाणाबाहेर झाला तर जंतूलाच घातक ठरेल. त्यावरही व्यवस्था आहे. जंतूच्या आवरणात युरिया आत घेण्याचा एक सूक्ष्म मार्ग असतो. तो बाहेर आम्ल असेल तेव्हाच उघडतो, आणि आम्ल ओसरले की मिटतो. तलावाचे तुडुम गरजेपुरते उघडावे व पाणी पुरेसे झाले की बंद करावे, तसाच हा प्रकार होय.

आता श्लेष्माचा घट्ट थर पार करण्याचा प्रश्न उरतो. जंतूचा आकार मळसूत्रासारखा असल्यामुळे तो लाकडात स्क्रू शिरावा तसा श्लेष्मात शिरत असावा, असे पुष्कळ दिवस मानले जात होते. २००९ मध्ये अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठाच्या रमा बन्सिल, जोनाथन सेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या जठरातील म्यूसिन घेऊन ह्याची परीक्षा केली. म्यूसिनचा एक विशेष गुण असा, की तीव्र आम्लात ते थिजून घट्ट बनते आणि आम्लता कमी झाली की पातळ होऊन वाहू लागते. आम्लाने थिजलेल्या म्यूसिनमध्ये जंतूच्या शेपट्या फिरत होत्या. पण जंतू जागचा हलत नव्हता. युरिया मिळून त्याने अमोनिया निर्माण केला व भोवतालची आम्लता उतरली, तेव्हा म्यूसिन पातळ झाले आणि जंतू पोहू लागला.

उन्हाळ्यात वाळून कडक झालेल्या बांधीत नांगराचा फाळ शिरत नाही. पावसाचे पाणी मुरून चिखलणी झाली म्हणजे तीच माती पायाखाली लोण्यासारखी होते. जंतूदेखील जोर करून वाट फोडीत नाही. आपल्या पुढची वाट तो आधी मऊ करून घेतो. पिळदार आकाराचा त्याला उपयोग होतो. पण एकट्या आकाराने काम भागत नाही.

वाट मऊ झाल्यावर दिशा कशी कळते? आवरणात वरून खाली आम्लता कमी कमी होत जाते, हे आपण पाहिले. जंतूला हा फरक जाणवतो व तो आम्लापासून दूर, भिंतीच्या दिशेने पोहतो. तेथे पोहोचल्यावर काही जंतू पेशींना चिकटून बसतात. बहुसंख्य जंतू मात्र तळाच्या श्लेष्मातच पोहत राहतात. श्लेष्म सतत वर सरकत असल्यामुळे त्यांना प्रवाहाविरुद्ध पोहत आपली जागा राखावी लागते. ज्या जंतूंची शेपटी प्रयोगशाळेत निकामी केली, त्यांना प्राण्यांच्या जठरात ठाण मांडता येत नाही, असे आढळून आले आहे.

४. दिसत असूनही न दिसलेला जंतू

इटालियन शास्त्रज्ञ ज्युलिओ बिझोझेरो ह्यांनी १८९३ मध्ये कुत्र्याच्या जठरात पिळदार जंतू असल्याची नोंद केली होती. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेतील एडी पामर ह्यांनी हजाराहून अधिक माणसांच्या जठराचे तुकडे तपासले व त्यांत असा जंतू नाही, असा निष्कर्ष काढला. त्यांनी तुकड्यांना जो रंग दिला होता, त्या रंगात हा जंतू सहसा उठून दिसत नाही. जठरात जंतू राहूच शकत नाहीत, हे मत त्यामुळे अधिकच दृढ झाले. त्या काळी व्रणाच्या रोग्याला दूधभात, विश्रांती व आम्लनाशक औषधे देत. त्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया करीत. पुष्कळांचा व्रण पुन्हा उलटे.

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरन ह्यांनी चांदीच्या क्षारांचा उपयोग करून तुकडे रंगविले, आणि श्लेष्माच्या खाली, सुजलेल्या पेशींना लागून, पिळदार जंतूंच्या रांगा त्यांना दिसल्या. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. जंतू बश्यांत वाढविण्याचे त्यांचे प्रयत्न वारंवार फसले. कारण दोन दिवसांत वाढ दिसली नाही की बश्या टाकून देण्याची पद्धत होती. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे बश्या पाच दिवस तशाच राहिल्या, आणि त्यांत जंतूंची वाढ दिसून आली. हा जंतू सावकाश वाढणारा होता, एवढेच! १९८४ मध्ये मार्शल ह्यांनी स्वतः ह्या जंतूंचे मिश्रण प्राशन केले. काही दिवसांतच त्यांना मळमळ व उलट्या होऊ लागल्या, आणि तपासणीत त्यांच्या जठराला सूज व तेथे जंतू आढळले. २००५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ह्या दोघांना मिळाले. विद्यार्थ्यांना हा इतिहास सांगताना मार्शल ह्यांच्या धाडसापेक्षा रंग बदलून पाहण्याची वॉरन ह्यांची चिकाटी अधिक मोलाची आहे, हे अवश्य सांगावे. तसेच असे धाडस कोणी अनुकरण म्हणून करावयाचे नसते, हेही बजावावे.

५. भात खाणारा प्रदेश आणि व्रण

आपल्या देशात ह्या रोगाचा विचार त्यापूर्वीच सुरू झाला होता. भारतीय रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा ह्यांनी १९६४ मध्ये ‘गट’ ह्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात भारतातील व्रणरोगावर लेख प्रसिद्ध केला. दक्षिणेकडील व पूर्वेकडील भात खाणाऱ्या प्रदेशांत हा रोग अधिक, तर वायव्येकडील गहू खाणाऱ्या प्रदेशांत कमी, असे त्या काळच्या निरीक्षणांतून दिसून येत होते. पुढे जंतूचा शोध लागल्यावर दोन्ही भागांत त्याची तपासणी झाली, तेव्हा संसर्ग दोन्हीकडे सारखाच व्यापक असल्याचे दिसले.

आपल्या जिल्ह्याचे मुख्य अन्न भात असल्यामुळे ह्या गोष्टीचा अर्थ नीट लावला पाहिजे. भात खाणे सोडावे, असा तो अर्थ नव्हे. जंतू हे कारण खरे. परंतु जंतू आहे तेथे रोग होतोच असे नाही. आहार, जंतूची जात, त्या माणसाची प्रकृती, तंबाखूचे व्यसन, अशा अनेक गोष्टींवर ते अवलंबून असते.

६. रोग केव्हा होतो

२०१५ साली जगातील सुमारे ४ अब्ज ४० कोटी लोकांच्या जठरात हा जंतू असावा, असा अंदाज संशोधकांनी केला. भारतात तर अर्ध्याहून अधिक लोकांमध्ये तो आढळतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. जठराच्या भिंतीला सौम्य सूज असते, एवढेच. सुमारे दहा ते वीस टक्के लोकांना आयुष्यात केव्हा तरी व्रण होतो, आणि एक ते दोन टक्क्यांच्या बाबतीत बऱ्याच वर्षांनी जठराचा कर्करोग उद्‌भवतो. ह्या कारणास्तव जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये ह्या जंतूचा समावेश कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात केला.

व्रण होण्याचे आणखी एक मोठे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ह्यांसारख्या गोळ्यांमुळे शरीरातील जे द्रव्य श्लेष्म व बायकार्बोनेट ह्यांच्या स्रावाला चालना देते, त्याचीच निर्मिती घटते. आवरण दुबळे पडते व आम्लाला भिंतीपर्यंत वाट मिळते. रोवणीच्या हंगामात दिवसभर वाकून काम केल्यावर कंबरदुखीसाठी दुकानातून गोळी आणून उपाशीपोटी घेण्याची सवय ज्यांना लागली असेल, त्यांना हे समजावून सांगणे अत्यंत जरुरीचे आहे. जंतू आणि गोळ्या हे दोन्ही एकत्र आले, तर धोका अधिक वाढतो.

जंतूची परीक्षा त्याच्या युक्तीवरूनच करतात. रोग्याला विशिष्ट खूण असलेल्या कार्बनचा युरिया देतात. जंतू असेल तर युरियाचे विघटन होऊन तो कार्बन श्वासातून बाहेर पडतो व यंत्रावर ओळखता येतो. दुर्बिणीने घेतलेला जठराचा तुकडा युरिया व रंगद्रव्य असलेल्या पिवळ्या मिश्रणात ठेवला, तर अमोनियामुळे ते मिश्रण गुलाबी होते.

उपचारात आम्ल कमी करणारे औषध व त्याच्या जोडीला दोन वा अधिक प्रतिजैविके देतात. हा क्रम बहुधा चौदा दिवसांचा असतो. आवरणाच्या तळाशी लपलेल्या जंतूपर्यंत औषध पोहोचविणे कठीण असते. म्हणून एकापेक्षा अधिक औषधे लागतात. चार दिवसांत बरे वाटले म्हणून औषध सोडले, तर उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. डॉक्टरांनी सांगितलेला क्रम पुरा करणे, हाच येथे नियम होय.

७. शाळेत काय करावे

ह्या जंतूचा संसर्ग बहुधा बालपणी आणि घरातल्या घरात होतो. लाळ, उलटी व विष्ठा ह्यांच्या वाटेने तो एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जातो. म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष पुरवावे.

(१) शालेय पोषण आहारापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुण्याची शिस्त पाळावी. पिण्याचे पाणी झाकून ठेवावे व ते ओगराळ्याने घ्यावे. पेला भांड्यात बुडवू देऊ नये.

(२) अन्न स्वतः चावून मग बाळाला भरविण्याची पद्धत कोठे असेल, तर ती सोडण्याविषयी माता-पालक सभेत सौम्य शब्दांत सांगावे.

(३) मुलाचे पोट दुखले म्हणजे त्याला हा जंतू झाला, असे शिक्षकांनी मुळीच म्हणू नये. मुलांच्या पोटदुखीची कारणे पुष्कळ असतात व बहुतेक वेळा हा जंतू त्यांत नसतो. निरोगी मुलांची ह्यासाठी तपासणी करण्याचेही कारण नाही. मात्र वारंवार पोट दुखून झोपेतून उठणे, सतत उलट्या, उलटीत रक्त, डांबरासारखा काळा शौच, वजन घटणे, ह्यांपैकी काही आढळल्यास पालकांना त्वरित प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास सांगावे. हीच लक्षणे मोठ्या माणसांनाही लागू आहेत. रक्ताची उलटी वा काळा शौच झाल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. अशा वेळी ‘पित्त झाले असेल’ म्हणून घरी थांबणे जिवावर बेतू शकते.

(४) वर्गात पुढील प्रयोग करून दाखवावा. हळदीच्या पाण्यात टिपकागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवाव्यात. एका पट्टीवर लिंबाच्या रसाचा थेंब टाकावा. ती पिवळीच राहते. दुसरीवर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकावा. ती लाल होते. ह्या लाल डागावर लिंबाचा रस थेंबाथेंबाने टाकीत गेल्यास तो पुन्हा पिवळा होतो. आम्ल व अल्क एकमेकांना कसे मारतात, हे येथे डोळ्यांनी दिसते. चुन्याचे काम जंतूच्या बाबतीत अमोनिया करतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे. निवळी शिक्षकांनी स्वतः हाताळावी. ती डोळ्यांत जाऊ देऊ नये.

(५) भेंडी चिरून पाण्यात ठेवावी व तिचे बुळबुळीत पाणी एका पेल्यात, साधे पाणी दुसऱ्या पेल्यात घ्यावे. दोन्हींत शाईचा एकेक थेंब सोडून कोणत्या पेल्यात तो सावकाश पसरतो, हे मुलांना पाहावयास व वहीत लिहावयास सांगावे. श्लेष्माचा थर आम्लाला कसा अडवून धरतो, ह्याची कल्पना त्यांना येईल.

हा पाठ शिकविताना जंतूची युक्ती व शरीराची योजना, ह्या दोन्ही गोष्टी मुलांसमोर सारख्याच ठेवाव्यात. घरी गेल्यावर एखादी मुलगी आपल्या आजोबांना ‘हे तिखटामुळे नाही, दवाखान्यात दाखवा’ असे सांगू शकली, तर पचनसंस्थेचा पाठ सार्थकी लागला असे समजण्यास हरकत नाही.